पाखऱ्याच्या शेवटच्या बारीचे फोटो

गणराज : ...आणि हा एकशे सत्तेचाळीसावा. बघा तात्या, ह्याच्यात शेपूट तरी आलंय.

सोपानराव : कुणाचं?

गणराज : गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीचं.

सोपानराव : घोडीचं शेपूट घिऊन मी काय करू, गणराज? पाखऱ्या कुठं हाय?

गणराज : पाखऱ्या म्हणजे... हे पांढरं दिसायलंय ना, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत? तो पाखऱ्या. म्हणजे पाखऱ्या धरून चारी बैल. मिळून.

सोपानराव : हे? मला वाटलं कुणीतरी चादर वाळत घातलीय.

कुसुमताई : चहा घ्या. आन् अवो, मिळाला का फोटो? नव्या फ्लेक्सवाल्याचा दोनदा फोन यिऊन गेला. पाचच्या आत पाठवला तरच रविवारी चौकात लागंल म्हणतोय.

सोपानराव : मिळाला की! चादरीचा मिळाला, शेपटीचा मिळाला. रविवारी सत्कार पाखऱ्याचा आन् फ्लेक्सवर शेपूट घोडीचं. अख्खं महाळुंगं पोट धरून हसंल.

कुसुमताई : असं काय करता? काल शर्यतीच्या घाटात दिवसभर तर उन्हात हुभा व्हता हा. कंपनीत सुट्टी टाकून.

गणराज : काकू, उभा तर बिनपगारी वॉचमनपण राहतो. त्याला कुणी फोटोग्राफर म्हणत नाही.

सोपानराव : निगडीचा पिंटू ड्रोन घिऊन येणार व्हता. दर वर्षी तोच काढतो. त्याला मी नगं म्हणालो. का? तर हे आमचं भाडेकरू म्हणालं, तात्या, घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला.

गणराज : म्हणालो होतो. माझं तोंड माझ्या आधी पुढं जातंय. दोन वर्षं तुमच्या खोलीत राहायलोय तर स्वतःला घरातला समजाय लागलो, अन् कॅमेरा घेऊन सहा महिने झाले तर फोटोग्राफर समजाय लागलो. त्या सहा महिन्यांत काढलं काय? शिफ्टमधल्या एकाच्या पोरीचं बारसं, अन् आमच्या सुपरवायझरची नवी गाडी. गाडी उभी होती, म्हणून बरी आली.

कुसुमताई : पोरांच्या मोबाइलवर व्हिडिओ असतील की.

गणराज : बघितले काकू, सगळे बघितले. वीस फुटाला ताणल्यावर बैलाच्या जागी चौकड्याची लुंगी दिसायली.

सोपानराव : कुसुम, तुला कळतंय का? पाखऱ्या परत पळणार न्हाई. डॉक्टरनं खूर बघितलं आन् म्हणाला, आता बास. नऊ वर्सांचा झाला तो. काल त्याची शेवटची बारी झाली. गाडा सुटला, बारा सेकंदांत वर पोचला, संपलं. आता दुसरी बारी कुठनं आणू मी, ह्याच्या फोटोसाठी?

गणराज : तात्या, शिव्या घाला. तुम्ही शिव्या घालत नाही म्हणून मला जास्त लाज वाटायलीय.

सोपानराव : शिव्या नंतर. आधी मला सांग, मानूस उन्हात नीट हुभा हाय, डोळं उघडं हायेत, समोर चार बैल पळत्यात, आन् फोटोत चादर येती कशी?

गणराज : सांगतो. पण हसायचं नाही.

कुसुमताई : मी हसनार. तू सांग.

गणराज : कॅमेऱ्यात दोन गोष्टी असतात. एक शटर. शटर म्हणजे दार. ते किती वेळ उघडं ठेवायचं, ते आपण ठरवायचं. बारसं संध्याकाळचं होतं, हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून मी दार जास्त वेळ उघडं ठेवलं होतं. सेकंदाचा तिसावा भाग.

सोपानराव : तिसावा भाग जास्त व्हय रं?

गणराज : पाळण्यातल्या पोरीला पुरतो. पाखऱ्याला नाही पुरत. तेवढ्या वेळात पाखऱ्या हातभर पुढं जातो. दार उघडं, अन् बैल दारातनं चाललेला. मग तो इथंपण उमटतो, तिथंपण उमटतो, मधेपण. झाली चादर.

कुसुमताई : मंग ते बदलायचं न्हाईस व्हय?

गणराज : काकू, तेच तर. बारशाचं सेटिंग तसंच घेऊन मी बैलगाड्याला गेलो. कंपनीत पार्ट बदलला की मशीनचं सेटिंग बदलायचं, अन् पहिला पीस तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. हे मी रोज पोरांना ओरडून सांगतो. क्वालिटीत आहे मी! दहा मायक्रॉन चुकलं तर रिजेक्टचा शिक्का मारतो, समोरच्याचं तोंडपण बघत नाही. अन् इथं अख्खा बैल सुटला माझ्या हातनं. एक नाही, चार!

सोपानराव : पन ती सकाळची बारी. संध्याकाळी फायनल झाली. पाखऱ्या दोनदा पळाला काल. तवा काय केलंस?

गणराज : दुपारी सावलीत बसून सकाळचे फोटो बघितले, अन् घाम फुटला. म्हटलं, आता सुधारायचं. शटर केलं चार हजार. सेकंदाचे चार हजार भाग करायचे अन् त्यातला एक घ्यायचा. बैल जागेवर थिजला पाहिजे. ते बरोबर केलं. ते एवढंच बरोबर केलं.

सोपानराव : मंग?

गणराज : दुसरी गोष्ट असते अपर्चर. म्हणजे भोक. दार उघडल्यावर किती मोठ्या भोकातनं उजेड आत घ्यायचा, ते.

कुसुमताई : म्हंजी नळावानी. बारीक सोडला तर हंड्याला वेळ लागतो, मोठा सोडला तर भसकन भरतो.

गणराज : काकू! हे मला यूट्यूबवर अकरा तासांत कळलं नव्हतं. कुठं होता तुम्ही?

कुसुमताई : नळावर.

गणराज : बरोबर तसंच. फक्त भोकाचा एक खोडसाळपणा आहे. भोक बारीक ठेवलं तर जवळचं, लांबचं, सगळं स्पष्ट येतं. मोठं ठेवलं तर एकाच अंतरावरचं स्पष्ट, त्याच्या पुढचं-मागचं सगळं पातळ होतं. मला सगळं स्पष्ट पाहिजे होतं. म्हणजे भोक बारीक पाहिजे. इथपर्यंत मी शहाणा होतो.

सोपानराव : पुढं बोल.

गणराज : भोकाला नंबर असतात. एक पॉइंट आठपासून बावीसपर्यंत. सकाळी कॅमेऱ्यानं आपल्या मनानं बावीस लावलेला. मी म्हटलं, बघा, एवढं मोठं भोक! म्हणूनच घोळ झाला. केलं एक पॉइंट आठ.

सोपानराव : बारीक केलंस.

गणराज : मलापण तसंच वाटलं! तात्या, पंधरा वर्षं मी ड्रिल बघायलोय. बावीसचं ड्रिल लावलं की बावीसचं भोक पडतं, दोनचं लावलं की दोनचं. दुनियेत सगळीकडं नंबर वाढला की भोक वाढतं. ह्या एका कॅमेऱ्यात उलटं आहे. बावीस म्हणजे सुईचं नेढं, अन् एक पॉइंट आठ म्हणजे सताड.

कुसुमताई : आगं बाई.

गणराज : हे मला काल रात्री कळलं. कॅमेऱ्याच्या पुस्तकात तिसऱ्याच पानावर लिहिलंय. ते पुस्तक मी सहा महिने खिडकी वाजू नये म्हणून फटीत घातलेलं.

सोपानराव : दाव ते संध्याकाळचे.

गणराज : हा घ्या. बघा, थिजलाय का नाही? उधळलेला भंडारा बघा, कण न् कण हवेत थांबलाय.

सोपानराव : चारी पाय वर हायेत.

गणराज : हो! तोच तर क्षण!

सोपानराव : हा पळत न्हाई, गणराज. ह्याला क्रेननं उचललाय. सकाळची ती चादर परवडली, ती पळत तरी व्हती. आन् ह्याचं तोंड का असं? धुक्यात हाय का?

गणराज : तेच ते भोक. पाखऱ्याचं तोंड पातळ, जू पातळ, गाडा पातळ. अन् आता माझी खरी कामगिरी बघा. कठड्याच्या पलीकडं हा टोपीवाला म्हातारा दिसायलाय? एकदम कडक! मिशीचा केस मोजून घ्या. माझा सगळा फोकस जाऊन बसला ह्याच्यावर. बैल निघून गेला, मी बोट दाबून धरलेलं, अन् कॅमेरा ह्याच्यामागंच. चाळीस फोटो आहेत ह्या बाबाचे! कोण रिकामटेकडा आहे काय माहीत. कधी टाळ्या वाजवतोय, कधी ओरडतोय. मी म्हणतो, ह्याला कापून टाकू, अन् पाखऱ्याला जरा...

(कुसुमताईंच्या हातातली बशी कॉटवर टेकते.)

गणराज : काय झालं? ओळखीचे आहेत का?

कुसुमताई : आबा भावजी हायेत ते.

गणराज : कोण आबा भावजी?

कुसुमताई : ह्यांचे धाकटे भाऊ. आबाजी. राजगुरुनगरला असत्यात.

गणराज : तुम्हाला भाऊ आहे तात्या? दोन वर्षांत कधी नावपण... अन् मी त्यांना रिकामटेकडा म्हणालो. शाबास गणराज. आता बैलांबरोबर माणसंपण चुकायला लागलास.

सोपानराव : पुढचा लाव.

गणराज : कुठला?

सोपानराव : त्याचाच. पुढचा लाव.

गणराज : हा. ह्याच्यात ते पळायलेत. गाडा गेला त्या बाजूला, कठड्याच्या कडंनं.

कुसुमताई : पायात वहान न्हाई वो त्यांच्या.

गणराज : आणि ह्या फोटोत टोपी पडलीय. पुढच्यात बघा, टोपी तिथंच मागं, अन् हे पळायलेतच.

सोपानराव : बासष्ट वर्सांचा हाय तो. गुडघा दुखतो त्याचा.

गणराज : तात्या, विचारू का? म्हणजे भाडेकरूनं विचारायचं नसतं, पण चाळीस फोटो काढलेत मी त्यांचे.

कुसुमताई : मी सांगते. पाखऱ्या आठ दिसांचा असताना त्याची आई गेली. ह्या आबा भावजींनी बाटलीनं दूध पाजून वाढवला त्याला. शालनबाई, त्यांची बायको, सांगायची, मी माहेरी गेले तरी ह्यास्नी कळत न्हाई, पन वासरू हंबरलं की उठत्यात. सहा म्हैने गोठ्यात झोपला त्यो मानूस. मंग मधी शर्यती बंद व्हत्या. पुन्ना सुरू झाल्या, आन् पहिल्याच वर्सी पाखऱ्या पहिल्या नंबरात आला. तवा फ्लेक्स लावला चौकात. हे एवढे मोठे, बैल शेजारी. आन् आबा भावजींचा फोटो खाली, शुभेच्छुकांच्या वळीत. अंगठ्याएवढा. एका बाजूला जिमवाला, दुसऱ्या बाजूला भंगारवाला.

गणराज : आई गं.

कुसुमताई : चौकात हुभं राहून बघितला त्यांनी. घरी आले न्हाईत. फोनवर म्हणाले, ह्या बैलाचं तोंड बघनार न्हाई पुन्ना. तीन वर्सं झाली. तरी मी किती सांगितलं, भावजी, ती फ्लेक्सवाल्याची चूक हाय, त्या पोराला कळलं न्हाई.

सोपानराव : फ्लेक्सवाल्याची न्हाई.

कुसुमताई : आं?

सोपानराव : त्या पोरानं दोघांचे सारखे लावले व्हते. मी शेजारी शेव-चिवडा खात बसलेलो. म्हणालो, माझा जरा मोठा कर. केला. म्हणालो, आजून जरा. तसा तो म्हणाला, तात्या, आता हे दुसरे बसत न्हाईत. मी म्हणालो, मंग खाली घाल.

कुसुमताई : तुमी?

सोपानराव : मी.

कुसुमताई : तीन वर्सं मी त्या पोराला शिव्या घालतीय! त्याच्या दुकानावरनं जाताना तोंड फिरवते मी. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकासुदिक दुसरीकडं छापल्या. आन् हे शेजारी बसून शेव-चिवडा खात व्हते!

सोपानराव : लई मोठा आला व्हता माझा फोटो. बारा फूट. काळा चष्मा, गळ्यात उपरनं. निम्म्या लोकांनी इचारलं, तात्या, कुठल्या वार्डातनं हुभं ऱ्हाताय? आन् म्हैन्याभरात गोठ्याचा पत्रा गळाय लागला तर तोच फ्लेक्स वर टाकला. तीन वर्सं पाखऱ्या माझ्या तोंडाखाली बसतोय. शेण काढाय गेलो की मीच मला वरनं बघतोय.

गणराज : तात्या, मी आतापर्यंत समजत होतो, ह्या घरात सगळ्यात मोठा गाढव मीच.

सोपानराव : न्हाई रं. तू भाडेकरू हायेस. मालकाचा मान पहिला.

गणराज : एक मिनिट. थांबा. सकाळचे फोटो परत उघडू का? सकाळी भोक बारीक होतं, बावीस. कॅमेरा स्टँडवर होता. म्हणजे बैलांची चादर झाली तरी मागचं सगळं साफ आलं असणार. पार देवळापर्यंत. ते सकाळी होते का, ते कळंल.

सोपानराव : सकाळी कशाला येईल तो?

गणराज : हा कळस. हा शेंगदाणेवाला. मोठं करतो जरा... काकू, तुम्ही बघा. ह्याच्या मागं.

कुसुमताई : व्हय. तेच हायेत.

सोपानराव : सरक. मला बघू दे.

गणराज : अन् एक बघा तात्या. आजूबाजूची सगळी पोरं उड्या मारायलीत, टॉवेल फिरवायलीत. त्यांची तोंडंपण फराटली, बैलांसारखी. दार उघडं होतं ना जास्त वेळ. जे हललं ते पुसलं. त्या सगळ्या गर्दीत हे एकटे साफ आलेत. म्हणजे हे हललेच नाहीत.

कुसुमताई : हात जोडलेत त्यांनी. पहिल्यापास्नं आसंच करत्यात. गाडा सुटला की हात जोडायचे, बैल वर पोचंपर्यंत सोडायचे न्हाईत.

सोपानराव : आन् मला दिसला न्हाई. दिसभर घाटात व्हतो मी. माइकवर माझं नाव चाललं व्हतं, ते ऐकत बसलो आसंन.

कुसुमताई : तुमाला फेटा बांधत व्हते तवा.

सोपानराव : त्याला कुणी सांगितलं? शेवटची बारी हाय म्हणून?

कुसुमताई : मी.

सोपानराव : तू बोलतीस त्यांच्याशी?

कुसुमताई : शालनबाईला दर शुक्रवारी फोन करते. भांडान तुमचं हाय. आमचं कवा झालं?

सोपानराव : तीन वर्सं? आन् मला पत्ता न्हाई?

कुसुमताई : तुमी तरी मला सांगितलं का, शेव-चिवडा खाऊन काय केलं ते?

गणराज : तात्या, मधे बोलतोय, माफ करा. साडेचार होत आले. फ्लेक्सवाल्याला काय पाठवू? घोडीचं शेपूट मी माझ्या हातानं पाठवू शकत नाही.

सोपानराव : तो पळतानाचा काढ. टोपी पडलेला.

गणराज : त्याच्यात पाखऱ्या कोपऱ्यात आहे. पातळ. म्हणजे मागचे दोन पाय अन् धूळ.

सोपानराव : आसू दे. पाखऱ्याला समदं गाव वळखतंय. हाच लाव. वीस फूट.

कुसुमताई : आन् तुमचा?

सोपानराव : माझा खाली घाल, गणराज. शुभेच्छुकात. अंगठ्याएवढा. भंगारवाल्याच्या शेजारी.

कुसुमताई : झालं! आता बारीक व्हऊन मोठेपना मिरवायचा! तवा त्यास्नी न इचारता खाली घातला, आता न इचारता वर घालनार? त्यो मानूस अनवानी, टोपी पडलेला, तसा चौकात टांगनार? त्यास्नी आवडंल का?

सोपानराव : मंग काय करू मी? मला काय सुचंना आता. सांग, काय करू?

कुसुमताई : फोन करा.

सोपानराव : नंबर न्हाई माझ्याकडं. रागात पुसून टाकला व्हता.

कुसुमताई : माझ्याकडं हाय. धरा. वाजतोय.

सोपानराव : अगं थांब! काय बोलू ते तरी...

गणराज : तात्या, मी बाहेर थांबतो.

सोपानराव : बस हिथं. घोळ तुझा हाय, बस. ...हॅलो? शालनबाई? ...न्हाई, कुसुम न्हाई, मी बोलतोय. ...व्हय, मीच. ...न्हाई न्हाई, ती बरी हाय, हिथंच हाय. आबा हाय का? ...द्या.

कुसुमताई : हळू बोला जरा. वरडू नका.

सोपानराव : आबा? मी सोपान. ...समदं बरं हाय रं, कुणाला काय झालं न्हाई. ...पाखऱ्या बी बरा हाय. खातोय चांगला. ...ऐक. काल घाटात आला व्हतास? ...खोटं बोलू नगं, फोटो हाय माझ्याम्होरं. एक न्हाई, चाळीस. ...पिंटूनं न्हाई. आमचा भाडेकरू हाय, गणराज, परभणीचा. बैल सोडून तुझेच काढलेत त्यानं.

गणराज : माझा नमस्कार सांगा.

सोपानराव : नमस्कार सांगतोय तो. ...आबा, त्या फ्लेक्सचं. ती पोराची चूक नव्हती. मी शेजारी बसून करून घेतलं. मीच. ...हॅलो? ...हायेस का?

कुसुमताई : ठेवला का त्यांनी?

सोपानराव : न्हाई. हाय. ...तुला माहीत व्हतं? ...कवापास्नं? ...आन् बोलला न्हाईस. ...व्हय. ...व्हय, खरं हाय तुझं. ...रविवारी सत्कार हाय त्याचा. हार तू घालायचा. मी न्हाई, तू. शालनबाईला घिऊन ये. ...फ्लेक्सचं बघू मागनं, नसला तरी चालंल. ...आन् आबा, ऐक. कठड्याच्या कडंनं असं अनवानी पळत जाऊ नगं रं. ह्या वयात पडलास म्हंजी?